दादा, इंटरव्हलनंतर तू खर्रा घोटून आणायला गेला होता

परवा रात्री माहेरच्या ग्रुपवर दादाने एक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे आणि मथळा, "नागराज संपला! वाचा कटू सत्य." असले मेसेज मी उघडत नाही. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे कागद वाचून डोळे चुरचुरतात, रात्री आणखी कोण वाचत बसणार. पण खाली दादाने स्वतःच्या बोटांनी एक ओळ जोडली होती, "म्हनून म्हनतो, पोरीले बसनं धाडू नये." पोरगी म्हणजे माझी भाची. यंदा अकरावीला गेली, ब्रह्मपुरीला मानव विकास योजनेच्या बसने जाते-येते. ती ओळ नसती तर हे लिहायला बसलेच नसते. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, माणसाला दुसरी कामं असतात.

मेसेज थोडक्यात असा. सैराटनंतर दिग्दर्शक नागराज मंजुळेचं सगळं पडलं, नाळ, झुंड, घर बंदूक बिरयाणी. हिंदीत जाऊन तो विकला गेला. त्याला जातीशिवाय काही दिसत नाही. झुंड तीन तासांचा रटाळ, त्यात झिंगाट नाही. सैराटमुळे गावोगावच्या पोरी बिघडल्या, पळायला लागल्या. आणि शेवटी, जनतेची एकच मागणी, सैराट २, नाहीतर बहिष्कार.

शेवटून सुरू करते, कारण तिथे हसू आवरत नाही. सैराट २ कोणाला घेऊन काढायचा बाप्पा? आर्ची मेली, परश्या मेला. शेवटी उरतं ते त्यांचं लेकरू, रक्तात पावलं भरवून दारातून रडत बाहेर निघालेलं. ज्याने हे पाहिलं तो दुसरा भाग मागूच शकत नाही. ज्याने मागितला त्याने सिनेमा झिंगाटपर्यंतच पाहिला.

दादाने तेवढाच पाहिला, याची मी साक्षीदार आहे. २०१६ चा मे महिना, तालुक्याची टॉकीज, आम्ही घरचे नऊ जण. झिंगाट लागलं तेव्हा पोट्टे खुर्च्यांवर उभे राहिले, पडद्यावर चिल्लर उडाली, दादाने शर्ट काढून फिरवला. वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती. इंटरव्हल झाला आणि दादा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायला बाहेर गेला, तो आला थेट हैदराबादच्या खोलीतल्या भांडणानंतर. "आता काय, रडारडी सुरू," असं म्हणून मोबाइल काढून बसला. शेवटच्या दोन मिनिटांत गाणं नाही, संगीत नाही, आवाजच नाही. तेव्हा टॉकीजमधले पंखे ऐकू येत होते. दिवे लागल्यावर दादा म्हणाला, "शेवट बेकार केला." दहा वर्षं त्याचं एवढंच मत आहे आणि त्यावर तो नागराजचे पुढचे सगळे सिनेमे मोजतो.

आता पोरी पळाल्या, हा मुद्दा. यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कंटाळा आला तर पुढचं सोडा.

अर्धं मान्य करते. सैराट आला त्या वर्षी वह्यांच्या मागच्या पानांवर आर्ची-परश्या लिहिलं गेलं, पोट्ट्यांनी हातावर नावं गोंदवून घेतली, आणि कुठे एखादं जोडपं सिनेमाचं नाव घेऊन निघालंही असेल. नाही म्हणत नाही. पण "गावोगावी" कुठून आलं? मेसेजमध्ये गावाचं नाव नाही, आकडा नाही. आणि त्याआधी कोणी पळत नव्हतं का? आपल्याच आजीने सांगितलेली विहिरीतल्या पोरीची गोष्ट सैराटच्या किती आधीची, ते दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझ्या दुकानात फळीखाली एका निकालाची प्रत ठेवलेली असते, कोणी मागितली तर काढून देते. सर्वोच्च न्यायालय, शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार, २७ मार्च २०१८. दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या मर्जीने लग्न करत असतील तर घरच्यांची, समाजाची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष काढा, त्यांना राहायला सुरक्षित जागा द्या, असंही सांगितलं आहे. हे सगळं मी वकिलासारखं सांगत नाही, मला एकच गोष्ट दाखवायची आहे. ती याचिका २०१० ची आहे. सैराट लागला २९ एप्रिल २०१६ ला. म्हणजे इज्जतीच्या नावाने पोरापोरींचे मुडदे पाडणं थांबवा म्हणून लोक सिनेमाच्या सहा वर्षं आधी दिल्लीला कोर्टात उभे होते. आर्ची तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आणि सिनेमा काय सांगतो ते तरी पाहा. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिरून मास्तराच्या कानाखाली मारतो. शेवटी माणसं घेऊन तोच येतो. माहेरचं सामान आणतो, आईने दिलंय म्हणतो. आर्ची हरखते, चहा ठेवते. हे बघताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण माझा भाऊही दर दिवाळीला अशीच पिशवी घेऊन येतो. वरती चकल्यांचा डबा असतो, खाली नव्या धानाचे पोहे, आणि मी आधी चहाच ठेवते. सासरी नांदणाऱ्या बाईला त्या पिशवीचा अर्थ कळतो. असला शेवट पाहून पोरगी पळेल की रात्रभर जागी राहील? मेसेज लिहिणारा म्हणतो, पोरींना घरी बसवा. प्रिन्सला घरी बसवा असं एकानेही म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

झालं. बाकीचे मुद्दे भराभर.

सगळं पडलं म्हणे. नाळ नागराजने दिग्दर्शित केलेलाच नाही. तो २०१८ चा, सुधाकर रेड्डी यक्कंटीचा, म्हणजे सैराटचा कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याचा. नागराज त्यात बाप झाला आणि निर्मात्यांत होता. त्यातल्या चैत्याचं "जाऊ दे न वं" आपल्या बोलीतलं, दादाच्या धाकट्याने ते गॅदरिंगला म्हटलंय आणि टाळ्या दादानेच वाजवल्यात. पदार्पणाच्या दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक सुधाकर रेड्डीला मिळालं आणि चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचं. याला पडणं म्हणतात? घर बंदूक बिरयाणीही त्याने दिग्दर्शित केलेला नाही, तो हेमंत अवताडेचा. आता खरं सांगते, तो मलाही पचला नाही. गडचिरोली नदीपलीकडे असलेल्या माणसाला सिनेमातलं जंगल आणि त्यातली बंदूकवाली टोळी पाहून वेगळंच हसू येतं. पण त्याचं पाप दिग्दर्शक नागराजच्या खात्यावर कशाला? सैराटनंतर झुंडपर्यंत त्याने थेटरात आणलेला स्वतःचा पूर्ण सिनेमा एकच, झुंड. मधे पावसाचा निबंध नावाची छोटी फिल्म केली, तिच्यासाठी दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ती ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केली नाही.

हिंदीत विकला गेला म्हणे. झुंड नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा. विजय बारसे सरांनी हिस्लॉप कॉलेजात असताना झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरून तो काढला. ती पोरं कुठल्या भाषेत शिव्या देतील असं वाटतं? पुण्याच्या? १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्यप्रांत-वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं. तेव्हापासून आपल्या तोंडात हिंदी-मराठीची खिचडी आहे. दादा स्वतः वडसा स्टेशनवर तिकीट हिंदीत मागतो. अमिताभ बच्चन घेतला म्हणून राग असेल तर तसं सांगा, त्यावर बोलता येईल. बच्चनला बघून पैसे आले आणि पडद्यावर वस्तीतली पोरं दिसली, मला त्यात घाटा दिसत नाही.

जातीशिवाय काही दिसत नाही, यावर काय बोलू. नागपूरची वस्ती दाखवायची आणि १४ एप्रिल दाखवायचा नाही, हे कसं जमवायचं ते मेसेजवाल्याने सांगावं. आणि हे त्याने सैराटनंतर सुरू केलं असं नाही. फँड्री १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. त्यात डुकरामागे धावणारं घर शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. शेवटी त्या घरातला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडे. टीव्हीवर लागला तेव्हा दादाने "डुकराचा सिनेमा" म्हणून चॅनल बदललं होतं. माणूस पहिल्यापासून हेच दाखवतोय. मधे एकदा त्याने सोबत झिंगाट दिलं, तर आपण तेवढं उचललं आणि आता म्हणतो, बदलला.

राहिला तीन तासांचा प्रश्न. झुंड खरंच तीन तासांच्या जवळपास आहे. हे कोण सांगतंय? दिवाळीनंतर मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेतल्या, नाटकाला चादर घेऊन जाणारा माणूस. वडशाच्या कंपनीचं नाटक रात्री दहाला पडदा उघडतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. मधे लावणी, मधे विनोद, हिरोईन मरायलाच अर्धा तास घेते, दादा जागचा हलत नाही. तिथे लांबी आडवी येत नाही. झुंड त्याने पाहिला तो धानाच्या राखणीला, माचावर, रानडुकरांना हाकलता हाकलता, कोणीतरी मोबाइलमध्ये टाकून दिलेली चोरीची कॉपी, तीन रात्रींत तीन तुकडे करून. मग रटाळच वाटणार.

तरी हेही लिहून ठेवते. कॉलेजच्या पोरांशी सामना संपतो तिथे सिनेमा संपल्यासारखा वाटतो आणि मग दुसऱ्यांदा सुरू होतो. थेटरात मीही घड्याळ पाहिलं. थोडी कात्री चालली असती.

पण त्या दुसऱ्या सिनेमातच मोनिका आहे. रिंकू राजगुरूच, पण बुलेट नाही, ट्रॅक्टर नाही, ठसका नाही. आदिवासी पोरगी, खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला ओळखीचा कागद पाहिजे, आणि तिच्याकडे कागद नाही. बाप आणि ती फिरतात. माझ्या शेजारी बसलेल्या दोन बाया "आर्ची कशी झाली गं" म्हणत जांभया देत होत्या. मला मात्र माझं दुकान दिसत होतं. सोमवारी गुजरीच्या, म्हणजे बाजाराच्या, दिवशी माझ्याकडे असे पाच-सात बाप येतात. प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडून फाटलेलं रेशनकार्ड, आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आडनावात एक काना कमी. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा कधी शाळेत गेला नाही, त्याच्या नावाचा कागद कुठून आणायचा? एक म्हातारा मला म्हणाला होता, "बाई, मी इथं उभा हाव, हे नाई चालत का?" एका कागदाच्या झेरॉक्सचे दोन रुपये घेतानाही अशा वेळी हात अडखळतो. सिनेमातला तो तुकडा लोकांना लांब वाटला कारण तो खरोखरच तेवढा लांब असतो. माझ्या दुकानात तो काही जणांचा दोन-दोन वर्षं चालू आहे.

झिंगाट नाही म्हणे. अजय-अतुलच आहेत त्यातही, "लफडा झाला"वर आपल्याकडच्या वरातीत नाचलेत लोक. पण नाच हवा म्हणून मोनिकाच्या बापाला तहसीलच्या आवारात नाचवायचं का?

हे सगळं आधी थोडक्यात ग्रुपवरच टाकलं होतं. दादाचं उत्तर आलं, "एवढं कोन वाचते बे." खाली झिंगाटची रील. वहिनीने काही लिहिलं नाही, पण रात्री फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं की भाचीच्या बसच्या पासचा फॉर्म दोन दिवसांपासून देवघराच्या फळीवर पडून आहे.

तो फॉर्म माझ्याच दुकानातून गेलाय, दादा. अहिल्याबाई होळकर योजनेतला, एक रुपया लागत नाही. पालकाच्या सहीचा रकाना खाली उजवीकडे आहे, मी पेन्सिलीने फुली करून दिली आहे. शाळेत सोमवारपर्यंत द्यायचा आहे. रविवारी मी गावाकडे येते. फॉर्म देवघरातून काढून ठेव, आणि झुंड पाहायचा असेल तर यावेळी टीव्हीवर लावू, इंटरव्हलचा खर्रा मी येतानाच घेऊन येईन.