मॅडम, हा पासआउट नाही

विदर्भात मे महिन्यात लग्न काढणाऱ्याला कोणी काही बोलत कसं नाही राजेहो, पारा 45च्या वर, मांडवात कूलर तीन अन् तिन्हीचं तोंड वरपक्षाकडं. अशाच एका लग्नाला दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात नवरीच्या पुण्याच्या ऑफिसातली इंग्लंडची मॅडम आली, आणि गावात इंग्रजी येणारा म्हणून ती दिवसभरासाठी माझ्या गळ्यात पडली.

ओळखीपाळखी सुरू झाल्या. पहिले काकाजी पुढं आले, "आय ॲम 1994 पासआउट, अमरावती." मग मामाजी, "माय सन 2019 पासआउट, माय डॉटर धिस इयर पासआउट." मॅडम हरेकाकडं कळवळून पाहत होती. तिच्या इंग्रजीत पासआउट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं, बेशुद्ध होणं. म्हणजे तिच्या हिशोबानं हे सगळं खानदान सालवार बेशुद्ध पडतं, वरून साल पाठ ठेवतं, अन् पोरीचा नंबर यंदाच लागला. एकदा तिनं वर उन्हाकडं पाहिलं, तेव्हा तिला सगळं पटल्यासारखं वाटलं.

तसा शिक्षणाचा अर्थ अगदीच हवेतला नाही. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, इंग्रजांच्या सँडहर्स्टलाही होते, तिथं ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडणं म्हणजे पासआउटच. आपण तो शब्द आयटीआय, डीएड, टायपिंग सगळ्याला लावून मोकळे झालो. मुळात ह्या इंग्रजीत साध्या पासच्या मागं काय लागेल त्यावर माणसाचं नशीब, अवे लागलं की माणूस गेला, ऑन लागलं की निरोप पुढं गेला (कधीकधी माणूसही), अन् अमेरिकेत मास्तर वर्गात पेपर वाटतात तेही पासआउटच! आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटली, पहिलीपासून आली 2000 साली, तोवर आम्ही कापसाच्या बंड्या भरत होतो.

मी मामाजीले बाजूला घेऊन सांगतलं, कॉलेजवाल्याले ग्रॅज्युएट म्हणा. "मंग दहावीवाल्याले काय म्हनाव?" म्हटलं इंग्लंडात म्हणतात ह्यानं शाळा सोडली. "अबे, शाळा सोडली म्हंजे ढोरं वळाले गेला!" आता ह्याच्यावर काय बोलणार.

वरात बारा वाजता निघाली. डीजेसमोर नाचता नाचता मामाजीचा भाचा, जो सकाळपासून पाण्याच्या थेंबाविना होता, धाडकन आडवा. मॅडम पुढं धावली अन् ओरडली, "ही हॅज पास्ड आउट!"

मामाजीनं लगेच दुरुस्ती केली. "नो नो मॅडम, ही ट्वेल्थ फेल! टू टाइम!"

मॅडम मात्र पक्की होती. त्याला सावलीत उताणा निजवला, पाय उचलून खुर्चीवर ठेवले, कोणी तोंडात पाणी ओतायला आलं त्याला हटकलं. चक्कर येते ती मेंदूकडं रक्त कमी गेल्यानं, पाय वर केले की ते परत डोक्याकडं येते, आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनळीत जाऊ शकते, असं ती सांगे अन् मी मराठीत ओरडे. तेवढ्यात एक आजी कांदा फोडून घेऊन आली, "डोकं खाली अन् पाय वर, लेकराले बकऱ्यावाणी काहून टांगता बाप्पा?" कांदा नाकाला लागला आणि पोराचे डोळे उघडले. झालं, सगळं क्रेडिट कांद्याला.

परवा मामाजी त्याच भाच्याचा बायोडाटा घेऊन आले, पोरी पाहणं सुरू हाये म्हणे. शिक्षणाच्या रकान्यात लिहायचं होतं, 2024 पासआउट.

"मामाजी, तो बारावी नापास आहे ना?"

"मॅडम सोता म्हने ना, साऱ्या वरातीसमोर!"

दिलं लिहून. इंग्लंडच्या इंग्रजीत पाहिलं तर त्यात एक अक्षर खोटं नाही, वर्षसुद्धा बरोबर आहे.