आबासाहेब हरले होते, आणि मंत्रीही झाले होते

भाई गणपतराव देशमुखांचा फोटो असलेला एक मजकूर दर निवडणुकीला फिरतो. 30 जुलै 2021 रोजी आबासाहेब गेले, तेव्हापासून तर जयंती-पुण्यतिथीलाही तो न चुकता येतो. त्यात थोडक्यात असं असतं: सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून सलग अकरा वेळा आमदार, आयुष्यात एकदाही पराभव नाही, मंत्रिपदाला कधी हात लावला नाही, देशातला विक्रम त्यांच्याच नावावर, आणि हे सगळं केवळ एसटीने फिरणाऱ्या साधेपणाच्या बळावर. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच असतो. मलाही तो आदर आहे, म्हणूनच हे लिहितोय. यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नाहीत, आणि त्यामुळे या माणसाच्या राजकारणातला सगळ्यात मोलाचा भाग पुसला जातो.

आधी ‘सलग’ या शब्दाकडे बघू. अकरा हा आकडा बरोबर आहे: 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. पण ही यादी नीट वाचली की मधल्या फटी दिसतात. 1972 नाही, 1995 नाही. या दोन्ही निवडणुका ते लढले आणि हरले. आधी दोन विजय, मग पाच, मग चार, अशी ती कारकीर्द आहे. काही मजकुरांत ‘पंचावन्न वर्षं आमदार’ असंही लिहिलेलं असतं. 1962 ते 72 ही दहा, 1974 ते 95 ही एकवीस आणि 1999 ते 2019 ही वीस, म्हणजे एक्कावन्नच्या आसपास. हा आकडा काही लहान नाही. त्यात आणखी चार घालायची गरज नाही.

आता पराभवांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

1972 ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर लगेचची. महाराष्ट्रात 270 पैकी 222 जागा काँग्रेसने घेतल्या. त्या लाटेत त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) भलेभले पडले, तसे गणपतरावही पडले. त्याच वर्षी राज्यात तो भीषण दुष्काळ होता. माणसं खडी फोडत होती, बंडिंगच्या आणि पाझर तलावांच्या कामावर जात होती. सांगोला तर कायमचाच अवर्षणाचा तालुका. अशा काळात आमदारकी हातात नसताना माणूस काय करतो, यावर पुढचं ठरत असतं. 1974 साली सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यांना परत पाठवलं. सत्ता काँग्रेसची, राज्यभर विरोधक मोडलेले, आणि एका दुष्काळी तालुक्याने लाल बावट्याचा माणूस पुन्हा निवडून दिला. ‘एकदाही हरले नाहीत’ असं लिहिलं की ही पोटनिवडणूक पुसली जाते.

1995 चा पराभव तर फक्त 192 मतांचा. जिंकले ते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, 2022 साली गुवाहाटीहून केलेल्या फोनमुळे जे पुढे राज्यभर माहीत झाले तेच. गणपतरावांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं होतं. पाच निवडणुका ओळीने जिंकलेला माणूस दोनशेपेक्षा कमी मतांनी हरतो, तेव्हा घरी बसायला कारणं पुष्कळ असतात. ते बसले नाहीत. 1999 ला परत आले आणि नंतर चारही निवडणुका जिंकल्या, शेवटची वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या घरात. ज्या वयात बाकीचे पुढारी मुलाला तिकीट मागतात, त्या वयात यांची चार विजयांची तिसरी खेप सुरू झाली. अजिंक्य माणसाचं चरित्र लिहायला सोपं असतं. पण 192 मतांनी पडून पुन्हा गावोगाव फिरणारा माणूस मला कितीतरी मोठा वाटतो.

दुसरा दावा मंत्रिपदाचा. ‘सत्तेला शिवले नाहीत’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते दोनदा मंत्री होते. 1978 मध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं, त्यात शेकाप सामील होता आणि गणपतराव मंत्री होते. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झालं. नंतर 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. 2002 साली शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला. त्याआधी विधानसभेचं विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलेलं होतं.

मंत्री होणं हा डाग आहे असं समजूनच तो मजकूर लिहिला जातो, आणि मला ते पटत नाही. दुष्काळी तालुक्याच्या प्रतिनिधीला सत्तेत जाण्याची संधी आली, पक्षाने निर्णय घेतला आणि तो गेला. यात लपवण्यासारखं काय आहे? बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही वेळा ते शेकापचे म्हणून मंत्री झाले आणि खुर्ची गेल्यावरही शेकापमध्येच राहिले. खुर्ची टिकवायला दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. 1962 पासून शेवटपर्यंत पक्ष एक आणि मतदारसंघ एक, हा भाग मात्र त्या मजकुरात खरा आहे.

देशातल्या विक्रमाचं लवकर आटपतो. केरळमध्ये के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. ओमन चांडी पुथुपल्लीतून 12 वेळा. तमिळनाडूत एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून 13 वेळा. आणि ‘कधीच न हरलेला’ हे विशेषण लावायचंच असेल तर ते करुणानिधींना लागू पडतं. महाराष्ट्रात अकरा हा उच्चांक आहे, तेवढं म्हणावं.

राहिला साधेपणा. एसटीचा प्रवास खरा आहे, राज्यभरातल्या लोकांनी तो पाहिलेला आहे. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. त्या आसनावर खरोखर बसणारा आमदार म्हणून ते ओळखले जात. पण नुसत्या साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही, आणि सांगोल्याचा मतदार इतका भोळाही नाही. साधेपणाने माणूस आवडतो. मत द्यायला त्याला काम लागतं आणि संघटना लागते.

काम होतं ते पाण्याचं. राज्याराज्यांतल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं होतं, ते 2000 सालापर्यंत अडवायचं होतं. नदीकाठचे तालुके भिजत होते आणि माणदेश कोरडा होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले हे तालुके. गणपतराव त्या चळवळीच्या आघाडीवर होते. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने सांगोल्यापर्यंत आणायचं, ही मागणी या रेट्यातून पुढे गेली. विधानसभेत प्रश्न, बाहेर मोर्चा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच, अशी ती वर्षानुवर्षांची चिकाटी होती. याच्या जोडीला शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. साखरेच्या जिल्ह्यात राहून सुताची संस्था चालवणं सोपं नव्हतं. गावागावातला शेकापचा कार्यकर्ता, एकमेकांना ‘भाई’ म्हणणारा, हे सगळं लोकांपर्यंत नेत होता. साधेपणाच्या गोष्टीत हा कार्यकर्ता कुठेच नसतो, म्हणून मला ती अपुरी वाटते.

हल्ली त्या मजकुराला एक शेपूट जोडलेलं असतं: त्यांनी घरात राजकारण आणलं नाही आणि त्यांच्याबरोबर सांगोल्यातला शेकापही संपला. दोन्ही चूक. 2019 ला वयामुळे ते थांबले आणि पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. समोर पुन्हा शहाजीबापू पाटीलच होते, आणि फरक 768 मतांचा. पराभव शेकापचा झाला. घराणेशाहीवर कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर तो इथे जरूर घ्यावा, पण झालेलं नाकारू नये. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले, त्यांनी शहाजीबापूंना हरवलं, आणि सांगोल्याची जागा पुन्हा शेकापकडे आली.