दोन स्टार दिलेल्या ताईंना, दुकानाच्या मालकाकडून

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्रीच वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री मी जे टाइप केलं होतं ते बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे पाठवलंत तर उरलेले दोनपण जातील." म्हणून ते पुसलं आणि आज दुकान उघडायच्या आधी पुन्हा लिहायला बसलोय.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताई गेल्या रविवारी संध्याकाळी सासूबाईंना आणि मुलाला घेऊन कुर्ला पश्चिमेच्या आमच्या दुकानात पहिल्यांदाच आल्या. एक पेपरोनी, एक मार्गारिटा. पाऊण तास थांबावं लागलं, पिझ्झा खालून ओलसर होता, पेपरोनी "खोटी" निघाली, लाकडाच्या भट्टीचा वास नाही, हलालच्या नावाखाली भाव चढवलाय, आणि मार्गारिटात हलाल असं असतं तरी काय, असा प्रश्न. एवढं झाल्यावर अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं, की सासूबाई माळकरी आहेत, त्यांच्या मार्गारिटात चिकनचा तुकडा निघाला आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाजूला काढून खा ना."

ताई, ही ओळ तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती. मी तिथूनच सुरू करतो.

त्या वेळी मी मगरिबच्या नमाजला गेलो होतो. परत आलो तेव्हा तुम्ही निघून गेला होतात आणि मला कुणी काही सांगितलं नाही. तुमचं वाचल्यावर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. आमच्या ओट्यावर पिझ्झा कापायचे चाकाचे दोन कटर असतात, त्यातल्या शाकाहारी कटरच्या दांड्याला हिरवी टेप आहे. त्या संध्याकाळी एका वाढदिवसाची अकरा पिझ्झांची ऑर्डर चालू होती आणि हिरवा कटर बेसिनमध्ये भांड्यांखाली गेला होता. पोरानं चिकन टिक्का कापला, कटर फडक्यानं पुसला आणि त्यानंच मार्गारिटा कापला. चाक दांड्याला जिथे बसवलेलं असतं तिथे बारीक फट असते. तिथे अडकलेलं फडक्यानं निघत नाही, पण चाक चार वेळा फिरलं की आपोआप बाहेर पडतं. तेच झालं. यात तुमची काही चूक नाही, गैरसमज नाही, "मशरूम असेल" वगैरे नाही. चिकनच होतं. चूक पूर्णपणे आमची.

मला ही चूक जास्त लागली, कारण हे दुकानच मी एका सुरीपायी काढलंय. पूर्वी मी दोहाच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये नऊ वर्षं होतो, पिझ्झाच्या सेक्शनला. सुट्टीवर आलो की मुलगी पिझ्झा मागायची. एकदा एका कॅफेत तिला घेऊन गेलो. मेनूवर बेकन, म्हणजे डुकराचं मांस होतं, म्हणून मी काउंटरवर विचारलं, चीज पिझ्झा कापायला सुरी वेगळी घ्याल का? तिथला पोरगा आमच्यासमोरच दुसऱ्याकडे बघून हसला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. म्हणाली, "पप्पा, नको, आपण घरी जाऊ." तेव्हा ठरवलं की जिथे असा प्रश्न विचारताना कुणाची मान खाली जाणार नाही असं दुकान काढायचं. आणि माझ्याच दुकानात तुमच्या सासूबाई काही न बोलता, फक्त पाणी पिऊन उठल्या.

काउंटरवरचा मुलगा माझा भाचा, एकोणीस वर्षांचा. मुंबईतच वाढला, माळकरी म्हणजे काय ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मला मात्र चांगलं ठाऊक आहे. आमचं गाव खेडजवळ. शेजारच्या काकू माळकरी होत्या. ईदला आई त्यांच्यासाठी शीरखुर्मा करायची तो वेगळ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. ते पातेलं वर्षभर माळ्यावर उपडं असायचं, त्यात दुसरं काही शिजायचंच नाही. काकूंनी कधी मागणी केली नव्हती, आईनं कधी सांगितलंही नव्हतं. काकू वाटी घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच वाटी गूळ-खोबरं घालून परत यायची. हे सगळं भाच्याला सोमवारी सांगितलं. तो गप्प बसला, मग त्यानं विचारलं, "मामू, मग त्यांची माळ तुटली का?" मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, त्यांनाच विचारायचं धाडस असेल तर विचार.

आता व्यवस्था बदलली आहे. शाकाहारी पिझ्झा लावायचा ओटा दुसऱ्या भिंतीला नेला, त्याचे ट्रे, जाळ्या, कटर तिथेच खिळ्याला टांगलेले. हिरवा कटर सापडला नाही तर पिझ्झा न कापता अख्खा द्यायचा, असं सांगून ठेवलंय. एक गोष्ट मात्र बदलता आलेली नाही, ओव्हन एकच आहे. दुसऱ्या ओव्हनला दीडशे फुटांच्या गाळ्यात जागा नाही. म्हणून "आतमध्ये ओव्हन एकच" असा कागद काउंटरवर लावला आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ऑर्डर द्यायच्या आधीच ठरवावं.

पिझ्झा खालून ओलसर, हेही खरं. आमचा ओव्हन विजेचा, खाली दगडी लादी असलेला. लादी तीनशे अंशांवर असेल तर दहा इंची पिझ्झा सहा मिनिटांत होतो. पण एका वेळी चारच मावतात आणि दार सारखं उघडलं की लादी थंड पडते. वरचं चीज वितळून लाल होतं, बघणाऱ्याला वाटतं झालं, खाली मात्र कच्चट. तवा तापायच्या आत टाकलेल्या भाकरीसारखंच. अकरा पिझ्झांच्या ऑर्डरनंतर लादीला दहा मिनिटं दम द्यायला हवा होता, पण तुम्ही आधीच अर्धा तास थांबलेल्या, म्हणून पोरांनी घाई केली. त्यात पावसाळ्यात मैदा मुळातच ओल धरतो. दहा किलोला एरवी सव्वासहा लिटर पाणी घालतो, जुलैत ते कमी करावं लागतं. त्या दिवशी पीठ मळताना ते केलं होतं की नाही, आता छातीठोक सांगता येत नाही. यापुढे रविवारी संध्याकाळी मोठी ऑर्डर आदल्या दिवशी सांगितली असेल तरच घेणार.

पेपरोनीबद्दल अर्धं मान्य. मूळ अमेरिकन पेपरोनी म्हणजे डुकराचं आणि गाईबैलांचं मांस एकत्र करून, लाल मिरचीपूड घालून मुरवलेलं सॉसेज. त्यातलं पहिलं माझ्या दुकानात येणार नाही. दुसरं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. मग उरतं म्हशीचं किंवा चिकनचं. आम्ही चिकनचं वापरतो. त्याच्या चकत्या कडेनं वाटीसारख्या वळत नाहीत आणि चरबी कमी म्हणून ते लाल तेल सुटत नाही. तुम्हाला वेगळं लागलं ते याच्यामुळे. (गंमत म्हणजे इटलीत "पेपरोनी" मागितली तर ढोबळी मिरची येते, त्यामुळे खरी कुठली नि खोटी कुठली हा वाद जुनाच आहे.) पण बोर्डावर नुसतं "पेपरोनी" लिहिलं होतं, "चिकन" हा शब्द फक्त छापील मेनूत बारीक अक्षरात. ते चुकीचंच. बोर्ड रंगवायला दिलाय.

लाकडाच्या भट्टीचं मात्र मनावर घेणार नाही. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पिढ्यान् पिढ्या लाकडावर पाव भाजणारे तिथे अडचणीत आले, मी गल्लीत नवी भट्टी कुठून लावू? आणि वर राहणाऱ्यांच्या खिडक्यांत धूर गेला तर एक स्टार तेही देतील.

भावाचं. हलाल म्हणून मी एक रुपयाही वाढवलेला नाही, कारण मलाच त्याचे जास्त द्यावे लागत नाहीत. चिकन मी आमच्या नेहमीच्या चिकनवाल्याकडून घेतो, रोजच्या भावानं. पैसे जातात ते चीजमध्ये. एक किलो मोझरेला करायला साधारण दहा लिटर दूध लागतं. तुमच्या दहा इंची पिझ्झावर शंभर ग्रॅम पडतं, म्हणजे सुमारे लिटरभर दूध. आज लिटरला काय पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही नाक्यावरच्या ज्या स्वस्त पिझ्झाचं उदाहरण दिलंत त्याच्याविषयी मी बोलणार नाही. फक्त कधी कुठेही चीजचं पाकीट हातात आलं तर मागची बाजू वाचा. "ॲनालॉग" लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. पिझ्झा गार झाल्यावर ते रबरासारखं ताणतं.

आणि मार्गारिटात हलाल काय, हा तुमचा प्रश्न टोमणा असला तरी चांगला आहे. चीज करताना दूध फाडायला रेनेट लागतं. जुन्या पद्धतीचं रेनेट वासराच्या जठरातून काढतात, आणि ते वासरू हलाल पद्धतीनं कापलेलं असेलच असं नाही. आम्ही वापरतो त्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे, रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं. इटलीचं अस्सल पार्मिजानो चीज नियमानंच वासराच्या रेनेटवर करतात, म्हणून ते आम्ही ठेवत नाही. म्हणजे जे चीज मी घरी नेणार नाही ते तुमच्या सासूबाईंनाही चाललं नसतं. हे मला त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला आवडलं असतं.

त्यांना मी परत बोलावत नाही, ते त्यांच्यावर सोडतो. तुम्ही मात्र या, मंगळवार-बुधवारी, पाचच्या सुमाराला, लादी तापलेली आणि दुकान रिकामं असताना. भाचा माफी मागणार आहे. काय बोलायचं ते त्यानं मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय, मराठीत, आणि मला दाखवायला तयार नाही.

दोन्ही पिझ्झांचे पैसे, तुम्ही ज्या नंबरवरून भरले त्याच नंबरवर काल परत पाठवलेत. पेपरोनीचेसुद्धा, जरी तुमच्या चिरंजीवांनी कडेसकट अख्खा संपवून बोटं चाटलेली कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात.

आपला,
दुकानाचा मालक