हाऊसफुल्ल

एफवायबीकॉम, डिव्हिजन ए, पटावर १२० पोरं आणि माझा अर्थशास्त्राचा तास बरोब्बर बाराला, म्हणजे डबा खाल्लेले पेंगतायत आणि न खाल्लेले बॅगेकडे बघतायत. "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो मॅम". जूनपासून हेच चाललंय. मग एका वर्कशॉपला (समोसा बरा होता) कळलं की हार्वर्डच्या एरिक मेझर नावाच्या फिजिक्सवाल्या सरांनी १९९१ पासूनच यावर तोडगा काढलाय. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून परत मत द्यायचं. आमच्याकडे शेजाऱ्याशी चर्चा तर अखंड चालूच असते, फक्त मतदान बाकी होतं.

घेतलं मेंटिमीटर, म्हणजे मोबाईलवरून मतं घेऊन पडद्यावर दाखवणारं ॲप. प्रोजेक्टरची केबल शिपाईमामांच्या कपाटात आणि कपाटाची चावी मामांच्या खिशात आणि मामा चहाला, यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी पडद्यावर कोड आला, सगळ्यांचे मोबाईल बाहेर (ते आधीच बाहेर होते, फक्त बाकाखालून वर आले), आणि मागून एकजण उभा राहिला, "मॅम, हाऊसफुल्ल दाखवतंय, जाऊ का?" फुकटच्या प्लॅनमध्ये ५० जणच बसतात हे मला तिथे, १२० जणांसमोर कळलं.

बरं, पहिला प्रश्न सोपा टाकला, 'मागणी म्हटलं की काय आठवतं?' त्यावर वर्ड क्लाउड, म्हणजे जो शब्द जास्त जण टाकतील तो मोठा दिसतो. खरं बहुमत चहाला होतं, पण कुणी चहा मराठीत लिहिला, कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणी चाय, आणि मशीन बिचारं प्रत्येकाला वेगळा उमेदवार समजलं, त्यामुळे मतं फुटून सुट्टी निवडून आली.

पण दुसऱ्या प्रश्नाला मात्र खरंच मजा आली. मिठाचा भाव दुप्पट झाला तर मागणी खूप घटेल का? ५० पैकी ३६ जणांनी ठोकून दिलं, हो, खूप घटेल. लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते, ती मी दोन तास शिकवली होती, आकृतीसकट!! म्हटलं करा चर्चा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जिची आई खानावळ चालवते, शेजारणीला दटावत होती, "मीठ महागलं म्हणून काय आमटी अळणी करणारेस का गं?" ते चार बाकांपर्यंत ऐकू गेलं. दुसऱ्या फेरीत ३८ बरोबर! माझ्या दोन तासांचं काम त्या आमटीने दोन मिनिटांत केलं, थोडं लागलंच मनाला.

मग हुरूप आला आणि विचारलं, 'माझ्या तासाला काय अडचण येते? नावं दिसणार नाहीत.' पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. मॅम मागे आवाज येत नाही. आवाज. पंखा वाजतो. मॅम शेवटच्या पाच बाकांना जूनपासून काहीच ऐकू आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माईक मागायला गेले तर मामा म्हणाले, "मॅडम, तो गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला गेलाय." वर्गात आले, घसा खाकरला आणि ओरडले, "मागे ऐकू येतंय का?"

"हो मॅम."