वेळ मिळत नसतो, काढावा लागतो

लेखात म्हटलंय की गेमिंगला दिवस-वेळ ठरवली की त्याचं पण ऑफिस होतं, त्यापेक्षा वेळ मिळेल तेव्हा खेळावं. अजिबात नाही पटलं. आम्ही कॉलेजचे चौघं, तिघं पुण्यात आणि एक म्युनिकला, दोन वर्षं नुसतं "बघू रे वीकेंडला" करत राहिलो आणि एज ऑफ एम्पायर्स २ ची एक मॅच झाली नाही. मग रविवारी रात्री साडेनऊ फिक्स केले, पोरं झोपलेली असतात, म्युनिकला तेव्हा संध्याकाळचे सहा (ऑक्टोबरअखेर तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली की आम्ही साडेदहाला बसतो, हिवाळाभर सोमवार जड जातो पण चालतं).

आणि अपडेटचं तर लेखात राहूनच गेलंय. वेळ ठरलेली असली की शनिवारी रात्रीच अपडेट लावून झोपता येतं, नाहीतर हातात असतो एक तास आणि त्यातली चाळीस मिनिटं डाउनलोडची पट्टी बघण्यात जातात. घरी पण आता माहितीये, बायको त्याच वेळी तिच्या ताईला निवांत फोन लावते, "अजून किती वेळ?" हा प्रश्नच बंद झालाय.