काका, त्या नारिंगी प्लगला हात लावू नका

रविवारी सकाळी साडेआठला रत्नागिरीहून काकांचा फोन. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, बँकेतून निवृत्त, हिशोबाला पक्के. "अरे, डिकीतलं कार्पेट उचललंय. नारिंगी प्लग दिसतोय. हा फिरवून काढायचा की सरळ ओढायचा?"

माझ्या हातातला चहा हिंदकळला. म्हटलं, "काका, आधी हात मागे घ्या. मग बोलू."

मागचे दोन महिने त्यांच्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीतून मधूनच खर्रर्र असा आवाज येत होता. कधी यायचा, कधी आठवडाभर गायब. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा कार्डावर "आवाज आढळला नाही" असा शेरा. मग सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज आला, "हायब्रिड गाडीवाल्यांनो, वेळीच सावध व्हा! एका अनुभवी इंजिनिअरचा सल्ला". तोच मेसेज त्याच आठवड्यात माझ्या गॅरेजच्या तीन गिऱ्हाइकांनीही मला पाठवला. त्यात सात मुद्दे आहेत. आवाज येतो-जातो म्हणजे इंजिन सीझ, म्हणजे कायमचं जाम, व्हायला लागलं. चढावर इंजिन ओरडतं म्हणजे क्लचप्लेट गेली. पातळ ऑइल काढून २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल भरा. नारिंगी प्लग दोन मिनिटं काढून ठेवा, हायब्रिड 'रीसेट' होऊन आवाज जातो. हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जाणारच. फॅनबेल्ट ताणून घ्या. आणि सकाळची खडखड म्हणजे बॅटरी संपल्याची घंटा.

क्रमाने जात नाही. चौथ्या मुद्द्याने माणूस मरू शकतो, म्हणून तो आधी.

गाडीत केशरी-नारिंगी रंगाची केबल दिसली की ती उच्च दाबाची, म्हणजे जास्त व्होल्टची, हे कंपनीच्या हौसेने ठरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला १०० क्रमांकाचा नियम ६० व्होल्टच्या वरचा डीसी दाब धोकादायक धरतो आणि अशा उघड्या केबलचं आवरण नारिंगीच असलं पाहिजे असं सांगतो. आता साठच्या पुढे किती? टोयोटाची हायब्रिड प्रियस घ्या, तिसऱ्या पिढीची. मागची बॅटरी २०१.६ व्होल्टची, आणि पुढचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा डबा, तोच दाब चढवून ६५० व्होल्टपर्यंत नेतो. घरातलं सॉकेट २३० चं असतं. तिथे पोराने बोट घातलं तर आपण किंचाळतो, आणि इथे सत्तरीचा माणूस पकड घेऊन डिकीत वाकतो.

तो प्लग असतो कशाला? गाडीवर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बॅटरीचं सर्किट मधोमध तोडता यावं म्हणून. प्लग काढायच्या आधी तो गाडी बंद करतो, चावी लांब ठेवतो, बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीची निगेटिव्ह काढतो, हातात १००० व्होल्टचे रबरी हातमोजे चढवतो, तेही फुंकून भोक नाही ना ते बघून. प्लग काढला की तो स्वतःच्या खिशात टाकतो, कोणी येऊन परत बसवू नये म्हणून. मग दहा मिनिटं थांबतो. टोयोटाने अग्निशमन दलासाठी काढलेल्या प्रियसच्या पुस्तिकेतही हेच आहे की गाडी बंद केल्यावरही उच्च दाब दहा मिनिटांपर्यंत राहू शकतो, कारण इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. दहा मिनिटांनंतरही तो आधी मीटर लावून शून्य बघतो, मगच पुढचा नट सोडतो. आणि हे सगळं करूनही बॅटरीच्या डब्यात आत दाब असतोच. प्लग काढल्याने सेल काही रिकामे होत नाहीत.

मेसेजवाला म्हणतो दोन मिनिटं! वर "सुती कापडाने धरा" अशीही सूचना आहे. सुती कापड! रत्नागिरीच्या जुलैमध्ये कुठलं कापड कोरडं असतं, हे तरी विचारायचं स्वतःला.

आणि एवढं करून मिळणार काय? खडखडणारा पत्रा, ढिला बोल्ट, झिजलेलं बेअरिंग, यातलं काहीही वीज तोडून 'रीसेट' होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता पहिला मुद्दा, "आवाज येतो-जातो म्हणजे इंजिन सीझ होतंय". मेसेज लिहिणारा हायब्रिडमध्ये कधी बसलाच नसावा हे इथे कळतं. कारण हायब्रिडमध्ये येतं-जातं ते इंजिनच! सिग्नलला बंद, हळू चालवताना बंद, बॅटरी उतरली की आपोआप चालू. म्हणजे इंजिनातला बिघाड कायमचा असला तरी आवाज मधूनमधूनच येणार. साध्या पेट्रोल गाडीत "कधी येतो?" हा पहिला प्रश्न. हायब्रिडमध्ये त्याच्याही आधीचा प्रश्न असा की आवाज आला तेव्हा इंजिन चालू होतं का? पडद्यावर ऊर्जा कुठून कुठे जाते ते दाखवणारं चित्र असतं, त्यात क्षणात दिसतं. सर्व्हिस सेंटरला आवाज सापडला नाही त्याचंही कोडं नाही. काका गाडी नेणार दुपारी, इंजिन तापलेलं, बॅटरी भरलेली. तिथल्या पोराने आवारात दोन फेऱ्या मारल्या असतील, त्यात इंजिन बहुधा सुरूच झालं नसेल. त्याने काय ऐकलं असेल, तर एसीचा पंखा.

शिवाय हायब्रिडचे स्वतःचे आवाज असतात, आणि ते गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात छापलेले असतात. काकांचं पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्ये होतं, प्लॅस्टिकचं वेष्टणही न फोडलेलं. मी फोनवरच फोडायला लावलं. त्यात हायब्रिड गाडीच्या खास आवाजांची यादी आहे. गाडी चालू-बंद करताना मागून 'टक्' येतो तो रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा. मागच्या सीटजवळ पंख्याची घरघर बॅटरी थंड करण्यासाठी. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटमधून 'झूंऽऽ' येतं, तो ब्रेकचा पंप दाब भरून ठेवत असतो. ब्रेक दाबताना बारीक शिट्टीसारखा सूर मोटरचा. काकांनी यादी वाचून काढली आणि म्हणाले, "म्हणजे मी ज्याला आवाज म्हणत होतो त्यातले तीन तर इथेच आहेत." चौथा मात्र यादीत नव्हता. तोच खर्रर्र.

क्लचप्लेटचा मुद्दा. काका रत्नागिरीत दोन दुकानांत क्लचप्लेटची किंमत विचारून आले होते, आणि तिथे कोणी हसलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये इंजिन, दोन मोटरी आणि चाकं एका ग्रहमालेसारख्या गिअरसंचाने जोडलेली असतात. घसरून झिजणारी क्लचप्लेट त्यात नाहीच. (होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये एक क्लच आहे, पण तो हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडण्यापुरता.) इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांची गाठ इथे मारलेली नसते. आंबा घाट चढताना बॅटरी उतरली की सगळा भार इंजिनावर येतो, ते मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर जाऊन ओरडतं आणि गाडी मात्र चाळीसच्या वेगातच असते. कानाला विचित्र वाटतं खरं, पण बिघाड नाही. उलट गंमत उतारावर आहे. साखरप्याकडे उतरताना ब्रेकमधून वीज भरत भरत बॅटरी गच्च होते. आणखी वीज ठेवायला जागा नसते, तेव्हा गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवते आणि जास्तीची शक्ती तिथे घालवते. एक्सलेटरवर पाय नाही आणि इंजिन बोंबलतंय! पहिल्यांदा ऐकणारा घाबरणारच.

ऑइलबद्दल थोडं मान्य करायला हवं. ऑइल कमी असेल तर इंजिन टकटक करतं, आणि जाड ऑइल घातलं की कधीकधी ती टकटक दबते. पण दबते म्हणजे ऐकू येत नाही, एवढंच. काकांच्या पुस्तकात ०डब्ल्यू१६ लिहिलंय, ते पाण्यासारखं दिसतं म्हणून मेसेजवाल्याला हलकं वाटतं. हायब्रिडचं इंजिन दिवसात पन्नास वेळा थांबून पुन्हा सुरू होतं, दरवेळी ऑइल झटकन वरपर्यंत पोचायला हवं. त्यात २०डब्ल्यू५० ओतणं म्हणजे गाळणीतून श्रीखंड काढणं. आणि "इंजिन अर्धा वेळ बंद असतं, मग ऑइल वीस हजार किलोमीटरला बदला" ही पुढची ओळ तर उलटीच आहे. गावातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल उतरतं. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदला.

हेड गॅसकेटचं मी नाइलाजाने मान्य करतो, अर्धं. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही तक्रार जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे. ईजीआरच्या, म्हणजे धुराचा काही भाग इंजिनात परत नेणाऱ्या, वाटेत काजळी साचते, पुढे हेड गॅसकेट जातं, रात्रभरात कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन लागलं की पाच-दहा सेकंद गाडी थाडथाड हादरते. म्हणून सकाळच्या आवाजाकडे कानाडोळा करू नका, हे मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर. पण ते ओळखायची खूण त्याने दिलीच नाही. कुठे गळती नसताना कूलंटची पातळी खाली जाते का, आणि स्कॅनरमध्ये मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे) कोड, पी०३०० पासूनचे, दिसतात का. काकांनी टाकीवर मार्करने रेघ मारून तीन आठवडे बघितलं, पातळी केसभरही हलली नाही. विषय संपला.

बेल्ट? काकांच्या बॉनेटमध्ये फॅनबेल्ट नाहीच. वॉटर पंप विजेवर, एसीचा कंप्रेसर विजेवर, आल्टरनेटर नाही. ताणणार काय, कपाळ? मात्र मारुतीच्या 'स्मार्ट हायब्रिड' बिल्ल्याच्या गाड्या वेगळ्या. त्यांत इंजिन पुन्हा सुरू करणारी मोटर बेल्टवरच असते आणि तो ढिला झाला की सिग्नलवरून निघताना चिरकतो. दोन्हींना 'हायब्रिड' म्हणतात म्हणून उपायही एकच, हा मेसेजवाल्याचा गोंधळ.

बॅटरीच्या घंटेवर वेळ घालवत नाही. बॅटरी खडखडत नाही. खडखडायला तिच्या सेलमध्ये हलणारं काही नसतं.

मग तो खर्रर्र कुठला? काकांना मी एक वही करायला सांगितली. बँकेचा माणूस, वही उत्तम झाली. "७.१०, रात्रभर उभी, गेटपाशी, इंजिन लागताच खर्रर्र, तीन सेकंद." "७.२५, नाचणे रोड, वेग ४०, इंजिन चालू, आवाज नाही." "११.४०, मारुती मंदिर सिग्नल, इंजिन चालू, गरम, आवाज नाही." "दुसरा दिवस ७.०५, परत तेच." दहा दिवसांच्या नोंदींत एकही आवाज इंजिन बंद असताना नाही, एकही गरम इंजिनाला नाही, आणि वेगाशी संबंध शून्य. थंड असताना वाजतं आणि तापल्यावर गप्प बसतं, असा आवाज मी बहुतेक वेळा सायलेन्सरच्या बाजूला शोधतो.

काका गाडी घेऊन कोल्हापूरला आले. मुद्दाम रात्रभर गॅरेजात लिफ्टवर ठेवली. सकाळी पोराला आत बसवलं, गाडी 'पी' मध्ये, एक्सलेटर हलका दाबला की इंजिन लागतं. लागलं, आणि खर्रर्र! लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनाच्या ब्लॉकला टेकवलं, आत सगळं स्वच्छ. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने सायलेन्सरच्या पाइपवरचा उष्णतारोधक पत्रा दाबून धरला. आवाज गायब. सोडला, खर्रर्र. समुद्राच्या खाऱ्या हवेने एका बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं झालं होतं. पत्रा थंड असताना सैल थरथरायचा, आणि तापून फुगला की घट्ट बसायचा. रुंद वॉशर, नवा बोल्ट, चाळीस रुपये.

परतताना काकांनी साखरप्याहून फोन केला. "उतारावर इंजिन बोंबललं, पण मी घाबरलो नाही." गंजका बोल्ट त्यांनी कागदात बांधून नेला होता, ज्या मित्राने मेसेज पाठवला त्याला दाखवायला. मित्राने बोल्ट उलटासुलटा करून बघितला म्हणे, आणि विचारलं, "बरं, मग क्लचप्लेट केवढ्याला पडली?"