मामांचा फोल्डर

दिंडोरीच्या मामांची द्राक्षबाग रानात आहे त्याहून जास्त फोनमध्ये आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी नि भुरी हे वेलीचे रोग, फवारणीच्या डब्यांवरची लेबलं आणि मधूनच मामींचे उन्हात वाळणारे पापड, सगळं एकाच फोल्डरात. परवा ते आमच्या सिडकोतल्या घरी आले, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला नि म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधला ना? एप्रिलचे फोटो एकीकडं कर, ऑक्टोबरचे एकीकडं. गेल्या ऑक्टोबरातलं डावणीचं पान औषधाच्या दुकानदाराला दाखवायचंय."

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे खरंच चार ओळींचं काम. एकेक फाइल घ्यायची, नावातली तारीख बघायची, हलवायची. पण फोल्डरातल्या फायलींची यादी देणारी पायथनची आज्ञा, 'ओएस डॉट लिस्टडिर', फायली कोणत्या क्रमानं देईल याची काहीच हमी नाही. सिंहस्थात शाहीस्नानाला आखाड्यांचासुद्धा क्रम ठरलेला असतो. इथे कोण पुढे, कोण मागे, काही नेम नाही. म्हणून रांग लावणारं 'सॉर्टेड' लावलं. तर १ नंतर १०, मग ११, आणि बिचारा २ थेट १९ च्या मागे! कारण ती आकड्यांची नव्हे, अक्षरांची रांग.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ह्याला पाढे येत नाहीत का रे?"

शिवाय लिस्टडिर नुसतं नाव सांगतं, पत्ता नाही. पूर्ण पाथ जोडून दिला नाही तर 'फाइल नॉट फाउंड'. "अरे, ही काय समोर दिसतीय!" मामा स्क्रीनवर बोट आपटत. काही फोटोंच्या नावामागचं 'जेपीजी' कॅपिटलमध्ये, काहींचं स्मॉलमध्ये. पायथनच्या लेखी ती दोन वेगळी घराणी. त्यात 'न्यू फोल्डर'च्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर'. लिस्टडिर आत डोकावत नाही, त्यासाठी 'ओएस डॉट वॉक' लागतं. फोटोंची छोटी चित्रं साठवणारी एक 'थम्ब्स डॉट डीबी' फाइलही निघाली. ही मामांनी केलेली नाही, मी केलेली नाही. जुनं विंडोज आपली आपण करून ठेवायचं.

तिसऱ्या चहापर्यंत सगळे जेपीजी जागच्या जागी बसले. पापडांना मी स्वतंत्र फोल्डर दिला, तेवढा मान त्यांचा आहेच. डावणीचं पान मात्र कुठेच नाही. शोधता शोधता ते एमपीफोरमध्ये सापडलं.

"मामा, हा व्हिडिओ आहे. तुम्ही फोटो म्हणालात."

"फोटोच आहे तो," मामा म्हणाले. "वारं सुटलं होतं म्हणून हलतोय."